खांद्याची माती, खुराची माती

निंबखोऱ्याच्या राजेसाहेबांची लाडकी घोडी एकाएकी लंगडायला लागली आणि अख्खा तबेला हादरला ना राव! राजवैद्य आले, पगडी सावरली आणि लांबूनच राजेसाहेबांना म्हणाले, "खांद्याचा स्नायू फाटलाय. आता बरी होत नाही. बंदूकवाल्याला बोलवा, गोळी घाला."

नाल ठोकणारी हुसेनबी तिथेच उभी होती. तिला संशय खुराचा होता, आणि खूर म्हणजे तिचंच काम! बोललं तर नोकरी जाणार, गप्प बसलं तर घोडी. शेवटी ती बोललीच. "सरकार, दुखणं खुरात आहे."

"तुला काय कळतं गं?" वैद्य फिस्कारले.

"मला कुठलं? मातीला कळतं." तिने ओली माती कालवली आणि घोडीच्या खांद्यावर, खुरावर सारखीच थापली. "जिथं ठणका, तिथं गरमी. जिथं गरमी, तिथली माती आधी वाळणार."

सगळे मातीकडे बघत बसले. अर्ध्या तासात खुरावरची माती तडकून गळली. खांद्यावरची जशीच्या तशी ओली. हुसेनबीने नाल उपटला, तर एक खिळा आत रुतलेला आणि त्याच्यामागून पू.

वैद्यांना आयतंच सापडलं. "बघा सरकार, खिळा हिचाच! माती हिनेच खाल्ली!"

"खाल्ली की," हुसेनबी म्हणाली. "पण वैद्यराज, माझी वाळली तरी. तुमची अजून ओलीच आहे."

राजेसाहेब हसले नाहीत. बंदूकवाल्याला म्हणाले, "तू घरी जा. जाताना वैद्यांनाही सोड." मग हुसेनबीकडे वळले. "नवा नाल कधी?"