प्रधानाची हरकत

फार पूर्वी, नद्यांनी भरलेल्या एका राज्यात पाणी आणि बंधारे सांभाळणारा एक प्रधान होता. मोजणीचा साधा कारकून म्हणून तो चाकरीला लागला आणि चाळीस वर्षांत एकेक पायरी चढत प्रधान झाला. लाच त्याने कधी घेतली नाही. असा माणूस निवृत्त होतोय म्हटल्यावर सगळं नगर हरखून गेलं होतं.

त्या राज्याची एक रीत होती. निवृत्त होणाऱ्याची कामं भर दरबारात वाचायची आणि मग तीनदा विचारायचं, "कुणाची हरकत?" कुणीच बोललं नाही की 'निष्कलंक' ही पदवी, वर हत्तीवरून मिरवणूक! पन्नास वर्षांत हा मान कुणालाच मिळाला नव्हता. आज हत्ती झूल पांघरून दाराशी उभा होता आणि प्रधानाने सकाळपासून तीनदा पागोटं सोडून पुन्हा बांधलं होतं.

भाटाने पहिलंच काम वाचलं, "नदीकाठच्या गावात पुराचा दगड एका दिवसात रोवला." पाणी दगडाला लागलं की गाव सोडायचं, असा तिथला नियम. दरबाराने टाळ्या वाजवल्या. प्रधानाने मात्र नजर खाली वळवली. त्या दिवशी घाईत त्याने फक्त नदी मोजली होती, गावामागचा ओढा पाहिलाच नव्हता. पाणी दगडाला लागायच्या आधीच ओढा भरतो आणि बाहेर पडायची एकमेव वाट बुडते, हे त्याला फार उशिरा कळलं. तोवर त्याच दगडापायी बढती मिळाली होती. "पुढच्या उन्हाळ्यात बदलू" म्हणता म्हणता तीस उन्हाळे गेले. मोठा पूर आला नाही, म्हणून सगळं झाकलेलं राहिलं.

तेवढ्यात एक स्वार धापा टाकत आला. "महाराज, नदी फुगलीय. पण काळजी नाही, दगड अजून दोन हात कोरडा आहे. गावकरी निवांत आहेत."

"कुणाची हरकत?" उरलेली कामं भराभर वाचून भाटाने विचारलं. प्रधान मनात हिशेब करू लागला. गुपचूप माणूस पाठवावा का? पण दगड कोरडा असताना परक्याच्या निरोपावर घर कोण सोडणार?

"कुणाची हरकत?" भाटाने पुन्हा विचारलं. हत्ती दोन पावलांवर होता. तिसऱ्यांदा पुकारा झाला आणि प्रधान उठला.

"माझी हरकत आहे. तो दगड चुकीचा आहे. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो."

राजा म्हणाला, "प्रधानजी, पदवी गेली."

"गेली, महाराज. हत्ती तेवढा द्या. ओढ्यातून दुसरं काही पार होणार नाही."

माहूत कुरकुरला, "हा मिरवणुकीचा हत्ती, पळायची सवय नाही त्याला."

"मलाही नाही," म्हणत प्रधान वर चढला आणि हत्ती झुलीसकट धावत सुटला.

गावात एक म्हातारी दारात शेंगा सोलत बसली होती. "चला आजी, गाव सोडा," प्रधान ओरडला.

"दगड कोरडा आहे, बाबा. मोठ्या साहेबानं रोवलाय तो. त्याचं माप चुकायचं नाही."

"तो साहेब मीच. माझं माप चुकलं, आजी."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं, शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि सुनांना हाका मारल्या. तिच्यामागे सगळं गाव निघालं. हत्तीने फेऱ्या मारत सगळ्यांना ओढ्यापार नेलं. शेवटची पोरं पार झाली, तेव्हा पाणी त्याच्या पोटाला लागत होतं. घरं गेली, गुरं काही गेली, माणूस एकही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रधान शिक्षा ऐकायला दरबारात उभा राहिला. राजा म्हणाला, "तीस वर्षं गप्प बसलात, म्हणून पदवी नाही. गावाची नवी घरं उभी राहीपर्यंत तुम्ही तिथेच राबायचं." प्रधानाने मान तुकवली.

राजा उठणार, तोच अधिकाऱ्यांच्या रांगेतून एक जण चाचरत पुढे आला.

"महाराज, मी बांधलेला एक पूल आहे. लोक त्यावरून जायच्या आत तपासायला हवा."

त्याच्यामागे आणखी दोघं उभे राहिले.

तात्पर्य ध्यानात ठेवायचं ते हे: आपली चूक आपल्याला आधी कळते, म्हणून ती आपणच आधी सांगावी. आपण गप्प राहिलो, तर तिची किंमत दुसरेच मोजतात.