जोमाचा भोपळा

मुरवेळच्या खाडीकाठी शंखनाथ महाराजांचा मठ होता. तिथे भजनाला येणाऱ्यांत जोमा नावाचा एक म्हातारा खलाशी होता. "दर्यावर जाताना कमरेला भोपळा बांधत जा," असे महाराजांनी त्याला एकदा सांगितले, आणि त्या भाबड्याने ते जन्माचे व्रत केले!

आता कोळीवाड्यात सुकलेला भोपळा बांधतात ती पोहायला शिकणारी पोरे. त्यामुळे जोमा ज्या होडीवर जाई तिचा मालक हिराजी नाखवा त्याला पाहिले की खदखदून हसे.

"जोम्या, दात परले तरी तुला अजून पवता येत नाय काय रं?"

 जोमा मात्र भोपळा सोडत नसे.

एके दिवशी किनारा दिसेनासा झाला इतक्या लांब गेल्यावर जाळे माशांनी गच्च भरले. "नाखवा, होरी दबली. अर्धं म्हावरं सोरून द्या," जोमाने हात जोडले. हिराजी ऐकतो कसला! शेवटची टोपली चढली, वारा फिरला आणि काठापर्यंत दबलेली होडी एका लाटेसरशी उलटली.

बाकीच्या पाच जणांनी पालथी होडी धरली. हिराजीचा मात्र होडीखाली सापडून पाय मोडला होता; एवढा पट्टीचा पोहणारा, पण गटांगळ्या खाऊ लागला. जोमाने आपला भोपळा सोडून त्याच्या कमरेला बांधला. तेवढ्यात लाटेने जोमालाच दूर नेले. म्हाताऱ्या हातांतले बळ सरले. "महाराज!" एवढेच तो म्हणाला.

त्याच वेळी मठात भजन चालू असता महाराजांनी उजवा तळहात पुढे पसरला. कितीतरी वेळ गेला, त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागला.

"महाराज, हात खाली घ्या," भक्तांनी विनवले.

महाराज म्हणाले, "थांबा रे. एक लेकरू पोहतंय माझं."

तिकडे जोमाला पोटाखाली कुणाचा तरी तळहात लागला! लहानपणी पोहायला शिकवताना बाप धरी, अगदी तसा. दुसऱ्या होडीने सर्वांना उचलेपर्यंत तो हात हलला नाही. धन्य ती माउली!

हिराजीला उचलूनच मठात आणले. महाराजांचे पाय धरून तो ढसाढसा रडला. महाराज म्हणाले, "अरे, भोपळा ज्याने दिला तो तुझ्यामागे उभा आहे."

हिराजी मोडक्या पायाने तसाच वळला आणि साऱ्या गावासमोर त्याने जोमाच्या पायांवर डोके ठेवले.

"जोमादादा," तो म्हणाला, "पाय बरा झाल्यावर तुज्याच हातानं मना भोपला बांद."