ठकूबाईची हाक

नदीवर पूल नव्हता आणि डॉक्टर नावाचा माणूस कुणी पाहिला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडच्या काठावर ठकूबाई सुईण राहायची. तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही, असं म्हणतात.

पण त्या काळची रीत ऐकलीत तर तुमचंही डोकं फिरेल. सुईणीने आपली विद्या मरताना सुनेच्या कानात सांगायची, बस्स! उघड्यावर बोललं तर हाताचा गुण जातो. दुसरीची विद्या ऐकली तर ऐकणारीचाही जातो, आणि भलत्याच्या कानावर पडली तर त्याच्या घरावर संकट येतं. कुणी काढलं हे खूळ, देव जाणे.

ठकूबाईची एकुलती एक लेक मंजुळा पलीकडच्या गावात दिलेली. ऐन पुरात तिचे दिवस भरले. होडी बंद. जावई पलीकडच्या काठावर येऊन ओरडला, "मामी, पोरगी झाली, पण वार पडंना! रखमा सुईण वढून काढते म्हणतीया. कसंबी करून या!"

बाळामागून पडते ती वार. ती ओढली की रक्त थांबत नाही, हे ठकूबाईला पक्कं ठाऊक. ती काठावरच्या खडकावर चढली आणि सगळ्या दुनियेसमोर ओरडली, "रखमे, वार वढू नगंस! लेकरू आधी आईच्या छातीला लाव, पिऊ दे, वार आपसूक पडंल!"

पुराचं पाणी गप्प झालं आणि तिची हाक घराघरांत शिरली, असं म्हणतात. आणि गावाने काय केलं? कानांत बोटं घातली! सगळ्यांनी! अहो, ज्याची बायको आत मरत होती, त्या जावयानेसुद्धा! रखमाने कापसाचे बोळे कोंबले आणि वार ओढली.

मंजुळा गेली. सांगताना आजही अंगावर काटा येतो माझ्या.

पूर ओसरल्यावर रखमा तान्ह्या पोरीला घेऊन ठकूबाईच्या दारात आली. म्हणाली, "मी कान बंद केलं हुतं, माय."

ठकूबाईने नातीला छातीशी धरलं, खूप रडली. मग म्हणाली, "बस. आता ऐक."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती खडकावर उभी राहून आपली विद्या ओरडून सांगायची. हळूहळू पलीकडून हाडवैद्य ओरडू लागला, डोंगरावरून विंचू उतरवणारा बोलू लागला. कुणाचाही गुण गेला नाही. ठकूबाई वारली, त्या बाजारालाही तिची हाक सात गावांत ऐकू आली, असं म्हणतात.

आता तिथे पूल आहे, दवाखाना आहे. तरी बाजाराच्या दिवशी तालुक्यातले डॉक्टर, नर्सबाई, आशाताई, नर्सिंगच्या शिक्षिका त्याच खडकावर मोबाइल घेऊन बसतात. कुणाला कुठला पेशंट अवघड गेला, कुणाचं काय चुकलं, सगळं उघड बोलतात आणि रेकॉर्ड करतात. त्या पॉडकास्टचं नाव 'ठकूबाईची हाक'. पार डोंगरापलीकडच्या उपकेंद्रांत तो ऐकतात.

विषय खोकल्याचा असो नाहीतर सर्पदंशाचा, पहिलं वाक्य ठरलेलं. ते म्हटल्याशिवाय कुणी पुढे बोलत नाही.

"मंजुळा गेली. कानांतली बोटं काढा."