ओढ्यापलीकडची शेवरी

डोंगराच्या पायथ्याच्या एका रानात, करंजाच्या ढोलीत, एक खार आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. मुलांनो, खारींना एका जागी बसणे मुळी ठाऊकच नसते, आणि ही तर त्यांतही एक पाऊल पुढे होती. त्या रानाची एक रीत होती. पळस फुलला की प्रत्येकाने घरच्यांना घेऊन चार दिवस कुठेतरी राहून यायचे. खारींची आणखी एक रीत होती. पिल्लाची शेपटी झुबकेदार झाली की त्याने आईच्या शेपटीला नाक लावायचे आणि स्वतःचे घर शोधायला निघायचे. दोघा थोरल्यांच्या शेपट्या आता भरत आल्या होत्या. सगळ्यांनी मिळून करायची ही पहिली आणि शेवटचीच सहल, हे खारीला पक्के माहीत होते. म्हणून जागा कशी निवडून काढलेली हवी, असे तिने मनाशी ठरवले.

"आई, ओढ्यापलीकडच्या शेवरीवर जाऊ या ना," धाकटे पिल्लू म्हणाले. "लाल लाल फुले आलीत. त्यांत गोड रस असतो म्हणे."

"काहीतरीच तुझे! ती तर इथून दिसते. घरातून दिसते तिथे कुणी सहलीला जाते का?" असे म्हणून खार सुटलीसुद्धा.

तिने तळ्यावरच्या बगळ्याला विचारले, "बगळेदादा, लेकरांना न्यायला चांगली जागा कोणती हो?"

"इथेच या की, खारूताई! दिवसभर एका पायावर उभे राहा, कोणी हटकायचे नाही," बगळा म्हणाला. एका पायावर, आणि माझी पिल्ले? खार तिथूनच मागे फिरली. रानडुकराने तिला चिखलात लोळण्याचे सुख सांगितले. वटवाघूळ म्हणाले, "आमच्या गुहेत छान गारवा आहे. फक्त उलटे लटकायचे, बस्स." खार रोज नवी जागा पाहायला धावे. कुठे सावली नाही, कुठे मुंग्याच फार, कुठे सापाची कात पडलेली. संध्याकाळी ती धापा टाकत परते. पिल्ले विचारत, "ठरले का गं, आई?" ती म्हणे, "आणखी एकच जागा पाहते. उद्या नक्की." तिच्या जिवाला चैन म्हणून नव्हते.

नवव्या दिवशी ती डोंगराच्या माथ्यावर चढली. तिथून सगळे रान दिसत होते. पाणी जवळ, फांद्या उंच, सावली भरपूर, अशी जागा ती शोधू लागली आणि तिची नजर नेमकी ओढ्यापलीकडच्या शेवरीवर येऊन थांबली. "अगबाई!" म्हणत ती धावत घरी आली. ढोलीत एकटे धाकटेच बसले होते.

"दादा आणि ताई कुठे आहेत?"

"गेले. त्यांच्या शेपट्या भरल्या ना. सकाळपासून थांबले होते, आई. तू येईनास, मग अंथरुणात तुझा वास होता तिथेच नाक लावले आणि निघाले."

खार मटकन खाली बसली. आयुष्यात ती पहिल्यांदाच अशी बसली होती. तिला फार वाईट वाटले. मग तिने धाकट्याची शेपटी पाहिली. ती अजून काडीसारखीच होती. "चल," ती म्हणाली.

शेवरीखाली फुलांचा सडा सुकून काळा पडला होता. शेंड्यावर एकच फूल उरले होते. धाकट्याने त्यात तोंड घातले आणि पिवळे झालेले नाक बाहेर काढून म्हटले, "खरेच गोड आहे, आई. दादाला नि ताईलाही आवडले असते." खारीने त्याला जवळ ओढले. पुढचे चार दिवस तिने दुसऱ्या झाडाकडे मान वळवूनही पाहिले नाही.

तात्पर्य : ज्यांच्यासाठी जागा शोधायची, त्यांना आधी विचारावे, आणि उत्तम जागेच्या शोधात एकत्र राहण्याचे दिवस हातचे घालवू नयेत.