द्वारकाबाईच्या दारावरची फळी

राजे यशोधर यांना माडबेटावरची एखादी जागा आवडली, की तिथे फळी लागायची. फळीवर लिहिलेलं असायचं, 'ही जागा महाराजांची. इतरांनी येऊ नये.'

आधी बंदरावरची पडवी गेली. भरतीची वाट पाहणारे तांडेल तिथे निजत, कारण भर उन्हाळ्यातही तिथे वारा असे. महाराज एक दुपार तिथे झोपले, उठून "वा!" म्हणाले आणि फळी लागली. मग उंडीच्या झाडाखालचा पार गेला. महाराज वर्षातून एकदा येत. एरवी त्या जागा रिकाम्या राहत आणि तांडेल होडीत अंग दुमडून झोपत.

म्हणून या खेपेला बेटाने ठरवलं, महाराजांना काही आवडूच द्यायचं नाही. तयारी मनापासून झाली. घराघरांतून ढेकूण गोळा करून धर्मशाळेत सोडले. पाटलांकडे भात करपवला. देवळाच्या पुजाऱ्याने शेजाऱ्याची सुकट मागून आणली आणि आपल्या ओसरीवर वाळत घातली. महाराज सगळीकडून नाक धरून बाहेर पडले. गावाला समाधान वाटलं.

शेवटी ते द्वारकाबाईच्या खानावळीत आले. कालवणात मीठ दुप्पट घालायचं, असं तिला बजावलेलं होतं. तिने मूठ भरलीही होती. पण तांबोशी मासळी ताजी होती आणि कालवणाला नुकती उकळी फुटली होती. तिने मीठ पुन्हा बरणीत टाकलं.

महाराजांनी भात मागितला. पुन्हा मागितला. मग बोटं चाटून म्हणाले, "वा!"

दाराशी उभ्या असलेल्या हिराजी खारव्याने कपाळावर हात मारला. "गेली खानावळ! अगं द्वारके, मूठभर मीठ टाकता येईना तुला?"

"हात धजावला नाही, हिराजीभाऊ."

कारभारी त्र्यंबकपंत फळी सोबतच बाळगत. त्यांनी ती ठोकायला घेतली.

महाराज म्हणाले, "यापुढे या उंबऱ्याच्या आत माझ्याशिवाय कुणीही पाऊल टाकायचं नाही! आणि उद्या दुपारी मला हेच जेवण हवं, याच चवीचं. शितभरही फरक पडला, तर रांधणाऱ्याला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नेऊन डांबेन. बेट पुन्हा दिसणार नाही!"

"महाराज, कुणीही म्हणजे अगदी कुणीही नाही?" द्वारकाबाईने विचारलं.

"कुणीही नाही! माझा शब्द म्हणजे शब्द!"

त्र्यंबकपंतांनी मान डोलावली. त्यांचं कामच ते होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज येऊन पाटावर बसले. बराच वेळ झाला तरी ताट येईना. त्यांनी बाहेर डोकावलं. अंगणातल्या फणसाखाली द्वारकाबाई हात मांडीवर ठेवून बसली होती. शेजारी तांबोशी घेऊन हिराजी, नारळ घेऊन माडावर चढणारा भिवा आणि मिरच्या-कोकमं घेऊन म्हातारी येसूआजी. मांजरही बाहेरच होतं, पण ते योगायोगाने.

"बाई! जेवण कुठाय?"

"सगळी तयारी आहे, महाराज. फक्त चूल आत आहे आणि मी बाहेर."

"मग आत ये!"

"कशी येऊ? कुणीही नाही, असा आपला शब्द आहे. मी मुद्दाम विचारून घेतलं होतं."

महाराजांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं.

"विचारलं होतं खरं," त्र्यंबकपंत म्हणाले. तेही उंबऱ्याबाहेर उभे होते.

आपला शब्द मागे घेणं महाराजांना कधी जमलं नव्हतं. "मग मी काय करू?"

"अवघड काही नाही. आधी चुलीतली राख काढा."

महाराजांनी राख काढली. ती बरीचशी मिशांवर गेली. हिराजीने मासा उंबऱ्यावरून आत दिला आणि बाहेरूनच सांगू लागला,

"खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडा. महाराज, ते डोकं आहे!"

"वाटण बारीक हवं हो, सरकार! बोटाला रवाळ लागता कामा नये!" भिवा ओरडला.

"वरवंट्याला दोन्ही हात लावा," येसूआजी म्हणाली आणि मग द्वारकाबाईकडे वळून म्हणाली, "मुलगा चांगला आहे गो. सवय नाही, एवढंच."

उन्हं कलली तेव्हा महाराज थाळी घेऊन उंबऱ्यावर आले. डोळे लाल, बोटाला चिंधी. भाताची पेज झाली होती आणि कालवणाला धुराचा वास होता. त्यांनी एक घास घेतला. तो गिळायला वेळ लागला.

"कालच्यासारखं आहे?" द्वारकाबाईने अदबीने विचारलं.

"नाही!" महाराज गरजले. "काही म्हणजे काही सारखं नाही!"

"शितभर तरी फरक आहे म्हणायचा."

"चांगला टोपभर आहे!"

"मग रांधणाऱ्याला मुदपाकखान्यात डांबायचं ठरलंय, महाराज. आपण पुढे व्हा. राजवाड्याची वाट आपल्याला ठाऊकच आहे."

त्र्यंबकपंत फणसाकडे बघू लागले. महाराजांनी थाळीकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं आणि एकाएकी इतके हसले, की मांजर उठून गेलं.

"मला मुदपाकखान्यात ठेवलं, तर राजवाडा उपाशी मरेल! हरलो, बाई. माग काय हवं ते!"

"आधी फळी काढा, महाराज. मी आत जाऊन कालवण टाकते. आपल्याला भूक लागली असेल. आणि पंत हातोडी घेऊन आलेच आहेत, तर पडवीची आणि पाराचीही फळी काढून आणू देत."

संध्याकाळी तांडेल पडवीत पसरले. पुढल्या भरतीला महाराजांनी राजवाड्यातलं सर्वांत मोठं तांब्याचं पातेलं खानावळीला धाडलं. तिन्ही फळ्यांचे द्वारकाबाईने पाट करून घेतले. जो आधी येईल, तो त्यांवर बसे.

पुढच्या वर्षी महाराज आले, तेव्हा पंगत भरली होती. त्यांना हिराजीशेजारी तरटावर जागा मिळाली.