सात वह्यांची वाटणी

घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते. कलमं बांधण्याची विद्या ते शिकवत, आणि तीही आपल्या पद्धतीने: आधी सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, मगच चाकूला हात लावायचा. चाळीस वर्षांत जे पाहिलं आणि जे हातून घडलं, ते सारं त्यांनी सात वह्यांत लिहून ठेवलं होतं. अक्षर तिरकं, शाई फिकी. पण शिष्यांना त्या वह्या पोथ्यांइतक्या पूज्य वाटत.

शालन आणि वत्सला या त्यांच्या दोन थोरल्या शिष्या. घाटावरच्या एका गावाने ‘आम्हालाही अशी शाळा हवी’ असा आग्रह धरला, तेव्हा गुरुजींनी शालनला तिकडे जायला सांगितलं. वत्सला इथेच राहणार होती. मान मोठा होता, तरी शालनच्या मनात एक काटा रुतला. वह्यांचा संच एकच. तो इथे राहणार आणि आपण नक्कल घेऊन जाणार. म्हणजे खरी शाळा वत्सलाची, आपली नुसती शाखा. तोंडाने ती काही बोलली नाही, पण चार महिने नक्कल उतरवली ती ओठ घट्ट मिटून. गुरुजींना हे कळलं नसेल असं ज्याला वाटेल, त्याने गुरुजींना ओळखलंच नाही.

निघायच्या दिवशी सकाळीच टेम्पो दारात येऊन उभा राहिला. शालन निरोप घ्यायला पडवीत गेली आणि पाहते तर काय, गुरुजी मांडी घालून जमिनीवर बसलेले, हातात ब्लेड, आणि वह्यांची शिवण उसवून पानं सुटी केलेली! जुन्या वह्यांची तर झालीच होती, तिने उतरवलेल्या नव्या वह्यांचीही तीच गत. एक पान जुनं, पुढचं नवं, असा क्रम लावून गुरुजी प्रत्येक वहीच्या दोन पूर्ण वह्या करत होते आणि वत्सला त्या दाभणाने कडेने शिवत होती. सहा जोड्या तयार झाल्या होत्या.

“गुरुजी, हे काय केलंत!” शालन ओरडलीच. “चाळीस वर्षांच्या वह्या! डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?” आणि मग तिने जीभ चावली.

गुरुजी प्रसन्न हसले. “चार महिन्यांत आज पहिल्यांदा मनातलं बोललीस. ये, बस. सातव्या वहीतलं एक पान जोडीविना राहिलंय. त्याची नक्कल कुठे गेली?”

शालनची मान खाली गेली. ते पान तिने मुद्दामच गाळलं होतं. तरुणपणी गुरुजींनी लाडापायी रोज दोनदा पाणी घालून आंब्याची तीनशे कलमं कुजवली होती, त्याची ती कबुली होती.

“परक्या गावात तुमची चूक कशाला वाचून दाखवायची, गुरुजी? मला ते सोसलं नसतं.”

“वेडी आहेस. ते पान नेलं नाहीस, तर तुझी मुलं पुन्हा तीच कलमं कुजवतील. लिही. टेम्पो थांबेल तोवर.”

टेम्पो थांबला. शालनने पान उतरवलं, वत्सलाने शिवलं, सातवी जोडी पुरी झाली. मग गुरुजींनी त्या चौदा वह्या जोडीजोडीने पडवीच्या मधोमध एका रांगेत मांडल्या. रांगेच्या एका बाजूला शालनला बसवलं, दुसऱ्या बाजूला वत्सलाला.

“आता प्रत्येक जोडीतली आपापल्या बाजूची वही ओढून घ्या.”

वह्या दोन्हीकडे सरकल्या आणि मधली जमीन रिकामी झाली.

“हे याआधी कुठे पाहिलंयस?”

मुळाचं टोक कापून, रंगवून, काचेखाली दाबून शालनने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. “कांद्याच्या मुळात,” ती हळूच म्हणाली.

“बरोबर,” गुरुजी म्हणाले. “एका पेशीच्या दोन व्हायच्या असतात, तेव्हा ती जवळचं अर्धं-अर्धं वाटत नाही. आधी सगळ्याची नक्कल करते, चांगलं-वाईट निवडत बसत नाही. मग पसरलेले धागे आखडून आटोपशीर गुणसूत्रं होतात, केंद्रकाचा पडदा विरतो, जोड्या मधोमध रांगेत येतात. प्रत्येक जोडीला दोन्ही टोकांकडून दोर लागावा लागतो. एक जरी राहिली तरी बाकीच्या खोळंबतात, या टेम्पोसारख्या! मगच त्या दोन बाजूंना ओढल्या जातात, दोन्हीकडे नवा पडदा येतो, मधे भिंत उभी राहते. आणि पोरी, त्यातल्या प्रत्येक गुणसूत्रात दोन धाग्यांचा पीळ असतो, एक धागा जुना, एक नवा. सगळं जुनं एकीला आणि सगळं नवं दुसरीला, असा दुजाभाव पेशी करत नाही. मग मी कसा करू?”

शालनचे डोळे भरून आले. “पण गुरुजी, मूळ पेशी यातली कुठली?”

“मूळ पेशी उरतच नाही. दोन लेकी उरतात.”

शालनने मांडीवरची वही उघडली. डाव्या पानावर गुरुजींचं तिरकं अक्षर, उजव्या पानावर तिचं स्वतःचं. समोर वत्सलाही वही चाळत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं, शालनच्या अक्षरावर, आणि ती रडू लागली.

“मला वाटलं होतं,” वत्सला म्हणाली, “तू गेल्यावर तुझं इथे काहीच राहणार नाही.”

शालन उठली, मधली रिकामी जमीन ओलांडून तिच्याजवळ जाऊन बसली. मागे राहणारीच्या मनातही काटा असू शकतो, हे चार महिन्यांत तिला एकदाही सुचलं नव्हतं.