वस्तादांची कॉमेंट्री

"पण चेंडू कुणाच्या पायात हाय, तेवढं तरी सांगशील का न्हाई रं?"

सर्जेराव चौगुले मोबाइलला विचारत होता. मोबाइलातला माणूस आपल्याच नादात होता. म्हणत होता, "वाह! काय क्षण आहे! काय क्षण आहे, मंडळी!"

"अरं कसला क्षण? तोंडातनं फुटशील का आता?"

तेवढ्यात जाहिरात लागली. एक बाई गोड गळ्यानं केसाच्या तेलाचं गाणं म्हणायला लागली.

सर्जेरावच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. त्यामुळं तो जास्तच भडकला.

तालमीच्या कट्ट्यावर दस्तगीर वस्ताद शेंगा फोडत बसले होते. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पिंपळ तालमीतली पोरं सकाळी लाल मातीत लोळायची आणि दुपारी बूट बांधून मैदानात उतरायची. पेठेतल्या तीन पिढ्यांना चेंडू मारायला वस्तादांनीच शिकवलेलं. सर्जेरावला शिकवलं, पुढं त्याच्या पोरालाही शिकवलं. आता गुडघे गेले होते. जीभ तेवढी शाबूत होती.

"सर्ज्या, कुणावर खेकसतोयस?"

"ह्या मुडद्यावर! फुकट ऐकत न्हाई मी, वस्ताद. वर्षाचं पॅक मारलंय. आन् हा पिंपळ तालमीला पिंपळगाव म्हणतोय!"

"कुठं बसून बोलतोय त्यो?"

"काय ठावं. बेंगळूरला म्हणं, न्हाईतर दिल्लीला. टीव्हीवर बघून बोलतोय."

"आन् मॅच कुठं चाललीया?"

सर्जेरावनं हात न उचलताच हनुवटीनं मागं दाखवलं.

तालमीची मागची भिंत ओलांडली की रस्ता. रस्ता ओलांडला की मैदान.

त्याच वेळी मैदानातनं मोठा आरडा उठला. तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडून उडाली.

सर्जेराव ताडकन उभा राहिला. आणि तसाच मोबाइलकडं बघत राहिला.

"काय झालं रं?" वस्तादांनी विचारलं.

"गोल झाला वाटतं."

"कुणाचा?"

"आता सांगंल की हा... थांबा जरा."

मोबाइलवर एक गोल चकली फिरत होती. फिरतच होती. चकली थांबली तेव्हा आतला माणूस अजून मागच्याच कॉर्नरवर होता. एवढं सगळं मैदान ओरडून गप्प झालं, पानाच्या दुकानासमोर माणसं नाचून पुन्हा उभी राहिली, मग त्याला कळलं.

"बरोबरी! एक-एक! काय क्षण आहे!"

सर्जेरावनं कपाळावर हात मारून घेतला.

आता ह्या कॉमेंट्रीची बोंब पेठेत घरोघरी होती. दुकान टाकून ज्यांना जाता येत नव्हतं त्यांनी हे पॅक घेतलं. दुबईला गेले होते त्यांनी घेतलं. पाय मोडून घरात पडलेल्यांनी तर आधी घेतलं. आणि सगळे मिळून रोज त्या माणसाचा उद्धार करत होते.

पण सर्जेरावला दुकान नव्हतं. तो दुबईलाही नव्हता. आणि पाय तर दोन्ही धडधाकट होते.

त्याची गोष्ट वेगळी होती. गेल्या साली त्याच्या पोरानं, इंद्रानं, पेठ बदलली. पिंपळ तालमीत तो राखीव म्हणून बाकावर बसून असायचा. वेस तालमीनं पुढं खेळवतो म्हणून सांगितलं आणि पोरगं गेलं. कोल्हापुरात माणूस एक वेळ घर बदलेल, गाडी बदलेल. पेठ बदलत नाही.

सर्जेरावनं त्याच दिवशी तालमीची माती कपाळाला लावली आणि चारचौघांत शपथ घेतली. माझा पोरगा वेशीचा शर्ट घालून ज्या मैदानात उतरंल, त्या मैदानात मी पाय ठेवणार न्हाई.

तालमीच्या मातीची शपथ. ती मोडणाऱ्याला पेठेत मान वर करून फिरता येत नाही.

तेव्हापासून बाप-लेक एका घरात जेवत होते, पण मधलं बोलणं सगळं आईच्या तोंडून. आज फायनल होती. पिंपळ तालीम आणि वेस तालीम. इंद्राची आई शेवंता सकाळीच दशम्या बांधून मैदानात गेली होती. तिनं कसलीच शपथ घेतलेली नव्हती.

आणि सर्जेराव इथं, चकलीकडं बघत.

"सर्ज्या," वस्ताद म्हणाले, "तुला नेमकं ऐकायचंय तरी काय?"

"मॅच."

"ती तर सांगतोय त्यो."

"काय सांगतोय डोंबल? आपल्या पोरांची नावं घेतोय, ती बी वेडीवाकडी. समोरच्यांची तर नावंच घेत न्हाई. नुसतं नंबर."

"कितव्या नंबराचं नाव घेत न्हाई?"

सर्जेरावनं मोबाइलची काच बाहीला पुसली.

...

"सगळ्याच," तो म्हणाला.

वस्तादांनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. सावकाश चावले.

मग उठले. सर्जेरावच्या हातातला मोबाइल घेतला, बंद केला आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"अवो वस्ताद! मॅच चाललीया!"

"ती निशाण चढवायची शिडी आण."

"कशाला?"

"मी सांगतो कॉमेंट्री. मैदानात पाय ठिवायचा न्हाई अशी शपथ तू घेतलीयास. भिंतीवर चढायचं न्हाई अशी मी घेतलेली न्हाई."

"पडशीला! गुडघं बघा आपलं!"

"तू धर की शिडी. का तेवढं बी बेंगळूरच्या माणसाला सांगू?"

शिडी लागली. वस्ताद एकेक पायरी चढले, प्रत्येक पायरीला अल्लाचं नाव घेत. वर भिंतीवर बूड टेकून बसले आणि कपाळाला आडवा हात लावला. खाली सर्जेराव दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. त्याच्या नाकासमोर भिंतीचा चुना. बाकी काही दिसत नव्हतं.

"सांगा की!"

"पंच पानी पितोय."

"पंचाचं मरू दे! चेंडू कुठाय?"

"हाय की. मैदानातच हाय."

"वस्ताद!"

"अरं व्हय, सांगतो. चेंडू आपल्या पोरांकडं हाय. न्हाई, गेला. त्यांच्याकडं गेला."

"त्यांच्यात कुणाकडं?"

"नंबरवाल्याकडं."

"कितवा नंबर?"

"लांब हाय रं. पाठ फिरवली की सांगतो... फिरवली. अकरा."

सर्जेरावच्या हातातली शिडी जराशी हलली.

"मग?"

"पळतोय."

"कुठल्या अंगानं?"

"उजव्या."

"उजव्या?" सर्जेराव खालून ओरडला. "उजव्या अंगानं कशाला मरायला गेलं? डावा पाय हाय त्याचा!"

"कुणाचा?"

"अकरा नंबरचा."

"तुला काय ठावं?"

...

भिंतीपलीकडून पुन्हा आरडा उठला. ह्या वेळी तो मध्येच तुटला. जशी पंगतीत कुणाच्या हातातनं भरली परात पडावी आणि सगळे एकदम थांबावेत, तसं.

सर्जेरावनं मान वर केली. वस्तादांची नुसती पाठ दिसत होती.

"वस्ताद, काय झालं?"

वस्तादांनी मान आणखी पुढं काढली.

"वस्ताद!"

"पडला."

"कोण?"

"अकरा नंबर."

"कसा पडला? कुणी पाडला? उठला का?"

...

"अवो उठला का? बोला की!"

"काय क्षण हाय," वस्ताद हळूच म्हणाले. "काय क्षण हाय, मंडळी."

सर्जेरावनं शिडी सोडली.

पायात वहाणा घातल्या की नाही ते त्यालाच कळलं नाही. तालमीच्या दारातनं सुटला तो पानाच्या दुकानातल्या माणसांना धक्के देत, रस्त्यावरच्या रिक्षाला हात करत पलीकडं गेला. गेटवरच्या पोरानं "काका, तिकीट!" म्हणून हाक मारली, ती त्याच्या पाठीला लागून खाली पडली. माणसांची भिंत फोडून, कुणाच्या पायावर पाय देऊन तो थेट रेषेपाशी जाऊन उभा राहिला.

मैदानात अकरा नंबर उभा होता.

पडला नव्हता, काही नव्हता. धुळीनं माखलेला, एक मोजा खाली घसरलेला, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. शर्ट वेशीचा. उभं राहायची ढब मात्र हुबेहूब चौगुल्यांची. डावा खांदा जरासा उतरलेला.

पलीकडं दुसराच कुणी पडला होता, आणि तोही उठून कपडे झटकत होता. पंचानं वेस तालमीला फ्री किक दिली. चेंडू इंद्रानं ठेवला.

सर्जेरावचा श्वास अजून बसला नव्हता. पण तोंड गप्प बसत नव्हतं.

"इंद्रा! डाव्यानं! डाव्यानं घे! गोली फुडं आलाय!"

पिंपळ तालमीची सगळी माणसं वळून त्याच्याकडं बघायला लागली. आपल्याच गोलरक्षकाचं गुपित शत्रूला सांगणारा सर्जेराव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"काय ओ सर्जेराव," एकजण म्हणाला, "कुठल्या पेठंचं म्हणायचं तुम्ही?"

बायकांच्या बाजूनं शेवंताचा आवाज आला. "आलासा व्हय? दशमी ठिवलीया तुमच्या वाटणीची!"

इंद्रानं आवाजाकडं मान वळवली. बापाला बघितलं. क्षणभर तो चेंडू विसरला.

मग डाव्या पायानं मारला.

चेंडू गोलखांबाला लागला, टणकन वाजला आणि बाहेर गेला. अर्धं मैदान हळहळलं, अर्ध्यानं सुटकेचा श्वास सोडला. सर्जेरावनं दोन्ही केलं. मग खाली बघितलं.

एका पायात वहाण होती. एक पाय अनवाणी, मैदानाच्या मातीत.

त्यानं तो उचलला नाही.

वस्ताद भिंतीवरनं कसे उतरले कुणाला ठाऊक. जरा वेळानं काठी टेकत, माणसांना बाजूला सारत येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. हातात सर्जेरावची दुसरी वहाण होती. ती त्यांनी त्याच्या पायापाशी ठेवली.

"वस्ताद," सर्जेराव म्हणाला. आवाजात राग आणायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. "पोरगं तर धडधाकट हाय."

"व्हय?"

"पडलंच न्हाई त्ये. तुम्ही खोटं सांगितलंसा."

वस्ताद डोळे बारीक करून मैदानाकडं बघत होते.

"कुठं उभा हाय त्यो?" त्यांनी विचारलं.

"त्यो काय! समोर! दिसत न्हाई तुमास्नी?"

"चष्मा घरी राहिलाय. त्याच्याबिगर मला हातातली शेंग दिसत न्हाई."

सर्जेराव त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"म्हंजे... भिंतीवरनं..."

"काय न्हाई. समोर नुसतं ऊन हुतं."

...

मैदानात चेंडू पुन्हा फिरायला लागला होता. सर्जेरावचा एक डोळा तिकडं, एक वस्तादांकडं.

"मग एवढा वेळ तुम्ही मला सांगत काय हुतासा?"

वस्तादांनी खिशातनं एक शेंग काढली, फोडली, आणि त्यातले दोन्ही दाणे सर्जेरावच्या तळहातावर ठेवले.

"तुला ऐकायचं हुतं ते."